अ‍ॅस्टॉनिश या शब्दातली वीज

१९८१ सालची गोष्ट. आठवीच्या वर्गात मी फळ्यावर चार इंग्रजी शब्द एकाखाली एक लिहिले. सरप्राइज, अमेझ, अ‍ॅस्टॉनिश, अ‍ॅस्टाउंड. चारींना मिळून एक मोठा महिरपी कंस काढला आणि त्याच्यापुढे लिहिलं, 'आश्चर्यचकित करणे'. मुलांनी ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं. खिडकीशेजारच्या एका मुलाने मात्र हात वर केला. म्हणाला, "बाई, चारींचा अर्थ एकच, तर मग इंग्रजांना चार शब्द कशाला लागले?"

मी म्हटलं, "समानार्थी शब्द आहेत ते. खाली बस."

तो बसला. प्रश्न बरोबर होता, उत्तर मला येत नव्हतं, आणि येत नाही हे सांगायची हिंमत तेव्हा माझ्यात नव्हती. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. इंग्रजी शिकले ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि पुढे शिकवलं ते गाइडावर. गाइडात कंस होता म्हणून फळ्यावर कंस आला. तो मुलगा आता साठीला टेकला असेल. चार दशकं उशिरा का होईना, त्याचं उत्तर देऊन टाकावं म्हणून हा खटाटोप. चारही शब्दांचं सांगत बसले तर पाल्हाळ होईल. मला मनापासून आवडलेला त्यातला एकच, अ‍ॅस्टॉनिश.

सुरुवात एका किश्श्यापासून करते. आमच्या स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सर तो रंगवून सांगत. आम्ही बायका आत शिरलो की किस्सा अर्ध्यावर थांबायचा, त्यामुळे त्याचा शेवट मला थेट निवृत्तीनंतर कळला. :-) तर, इंग्रजीचे थोर कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन घरातल्या मोलकरणीचं चुंबन घेत असताना त्यांच्या पत्नी अचानक खोलीत येतात. संतापून म्हणतात, "आय अ‍ॅम सरप्राइज्ड!" कोशकार शांतपणे त्यांची चूक सुधारतात, "नाही बाईसाहेब. सरप्राइज्ड मी झालोय. तुम्ही अ‍ॅस्टॉनिश्ड झालात."

किस्सा अर्थातच रचलेला. जॉन्सनचा कोश निघाला १७५५ साली आणि त्यांच्या पत्नी त्याआधी तीन वर्षं, १७५२ मध्येच वारल्या होत्या. शिवाय हीच गोष्ट अमेरिकेत नोआ वेबस्टरच्या नावावर सांगतात, आणि फ्रान्समध्ये एमिल लित्रे या फ्रेंच कोशकाराच्या नावावर. तीन देशांतले तीन कोशकार आणि बिचारी मोलकरीण तीच! पुरावा एकाच्याही बाबतीत नाही. पण गंमत अशी की किस्सा खोटा असला तरी त्यातली भाषा खरी आहे. फ्रेंचमध्येसुद्धा तो जसाच्या तसा चालतो, कारण दोन्ही शब्द इंग्रजीत फ्रेंचमधूनच आले.

सरप्राइज हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ज्या क्रियापदावरून आला, त्याचे दोन भाग आहेत, 'वरून' आणि 'धरणे'. म्हणजे झडप घालून पकडणे. इंग्रजीत तो पंधराव्या शतकात आला तो लढाईचा शब्द म्हणून. बेसावध शत्रूवर घातलेला छापा, गाफील गाठून काबीज केलेला किल्ला, हे सरप्राइज. शायिस्तेखानाच्या बाबतीत १६६३ साली लाल महालात जे झालं त्याला त्या काळच्या इंग्रजीत हा अगदी नेमका शब्द होता. मनाला वाटणारं आश्चर्य हा अर्थ त्याला सतराव्या शतकात हळूहळू चिकटला. म्हणून किश्शातले कोशकार स्वतःला सरप्राइज्ड म्हणवतात. ते पकडले गेलेत! आणि पत्नी? तिच्यावर वीज पडली आहे.

वीज पडली हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. अ‍ॅस्टॉनिश या शब्दाच्या पोटात खरोखरच मेघगर्जना आहे. लॅटिनमध्ये 'टोनारे' म्हणजे गडगडणे. त्यावरून 'अट्टोनिटस' असा शब्द झाला, विजेच्या कडकडाटाने ज्याचं भान हरपलं आहे तो. बोलीतल्या लॅटिनमध्ये याच धातूचं 'एक्सटोनारे' असं रूप असावं असं अभ्यासक मानतात, त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्टोनेर' झालं आणि तिथून ते इंग्रजीत उतरलं.

रोमन लोकांना या शब्दातली वीज ऐकू येत होती. सुएटोनियसने ऑगस्टस सम्राटाच्या चरित्रात एक प्रसंग दिला आहे. स्पेनमधल्या मोहिमेत ऑगस्टस रात्रीच्या वेळी पालखीतून चालला होता. वीज कोसळली, पालखीला घासून गेली आणि पुढे उजेड धरून चालणारा गुलाम जागीच गतप्राण झाला. सम्राट वाचला. त्याने नवस केला आणि तो फेडण्यासाठी रोममध्ये कॅपिटोलिन टेकडीवर 'गर्जणाऱ्या जुपिटर'चं देऊळ बांधलं, इसवी सनापूर्वी २२ मध्ये. गुलामाचं नाव सुएटोनियस देत नाही. ही हकीगत वाचताना माझ्या लक्षात आलं की अट्टोनिटस हा शब्द त्या गुलामाला लागू होणार नाही. तो तर मेलाच. अट्टोनिटस म्हणजे पालखीतला, वीज शेजारून गेलेला आणि जिवंत उरलेला. हा फरक मला पुढे फार उपयोगी पडला, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

आता थोडं आपल्या अंगणात. संस्कृतमध्ये 'स्तन्' या धातूचा अर्थ गडगडणे, आणि 'स्तनयित्नु' म्हणजे मेघगर्जना. बृहदारण्यक उपनिषदातली 'द' या एका अक्षराची गोष्ट आठवते का? प्रजापतीने देव, मनुष्य आणि असुर या तिघांना तेच एक अक्षर सांगितलं आणि तिघांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे त्याचा अर्थ लावला, दमन, दान आणि दया. तिथे ते अक्षर आजही उच्चारत राहते ती ही स्तनयित्नु. (टी. एस. एलियट या कवीने १९२२ च्या आपल्या गाजलेल्या दीर्घकवितेचा शेवटचा भाग याच गोष्टीवर उभारला.) तर हा 'स्तन्', लॅटिन 'टोनारे', इंग्रजीतलं 'थंडर' आणि उत्तरेकडचा हातोडेवाला देव थॉर, ही सगळी एकाच जुन्या मुळाची पालवी. फळ्यावर अ‍ॅस्टॉनिश लिहिताना आपण आपल्याच मेघगर्जनेच्या चुलत बहिणीचं नाव लिहितोय, याची मला गंधवार्ता नव्हती.

इंग्रजीत आल्यावर या एका शब्दाची तीन लेकरं झाली. सुरुवातीचा 'अ' झडून गेला तो 'स्टन'. ज्याच्या भूतकाळी रूपातला 'ड' लोकांना मूळ शब्दाचाच वाटला तो 'अ‍ॅस्टाउंड'. आणि तिसरा अ‍ॅस्टॉनिश. याच्या शेवटचं 'इश' तर चक्क उसनं आहे! फिनिश, पनिश, अ‍ॅबॉलिश या शब्दांत ते फ्रेंच व्याकरणातून रीतसर आलं. अ‍ॅस्टॉनिशला त्याचा काही हक्क नव्हता, पण शेजाऱ्यांचं बघून त्यानेही लावून घेतलं. म्हणजे माझ्या फळ्यावरच्या चार शब्दांतले दोन तर सख्खे भाऊ होते. असो.

पण व्युत्पत्ती काय, कोशात मिळते. मला जास्त ओढ लागली ती हा शब्द माणसांच्या तोंडी कसकसा आला ते बघण्याची.

शेक्सपिअरच्या पाचव्या हेन्री राजावरच्या १५९९ च्या नाटकात पिस्टल नावाचा एक बढाईखोर शिपाई आहे. वेल्समधल्या लोकांनी टोपीत लीक खोवायची रीत होती (लीक म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीचा थोराड भाऊ). पिस्टल त्याची टिंगल करतो, म्हणून एक वेल्श कॅप्टन त्याला तेच लीक कच्चं खायला लावतो आणि वर सोट्याने बडवून काढतो. तेव्हा मध्यस्थी करणारा दुसरा कॅप्टन म्हणतो की आता पुरे, तुम्ही याला अ‍ॅस्टॉनिश केलंत. आजच्या अर्थाने वाचलं तर हे वाक्य विचित्र वाटतं. आश्चर्यचकित कसला करताय, चांगला चोपलाय त्याला! पण तेव्हा शब्दाचा अर्थच तो होता. डोक्यात फटका बसून डोळ्यांपुढे अंधेरी येणे. गाइड हातात धरून मी हे शिकवलं असतं तर काय अनर्थ झाला असता.

१६११ साली इंग्लंडच्या राजाच्या आज्ञेने बायबलचं जे भाषांतर झालं त्यात या शब्दाचं एक जुनं रूप आहे, 'अ‍ॅस्टनिड'. माझ्या एका ख्रिस्ती सहशिक्षिकेने निवृत्तीच्या वेळी मला ते बायबल दिलं होतं. त्यातल्या दानीएलाच्या पुस्तकात नबुखद्नेस्सर राजाला स्वप्न पडतं. आभाळाला भिडलेलं झाड आणि ते तोडून टाका अशी आज्ञा. अर्थ सांगायला दानीएलाला बोलावतात. त्याला अर्थ क्षणात कळतो. झाड म्हणजे समोर बसलेला राजाच, त्याचं राज्य जाणार आणि तो माणसांतून उठून गुरासारखं गवत खाणार. हे राजाच्या तोंडावर सांगायचं कसं? तिथे लिहिलंय की दानीएल एक तासभर अ‍ॅस्टनिड होता. नव्या भाषांतरांत त्या तासाचा 'काही वेळ' झाला आहे. मला तो तासच बरोबर वाटतो.

कारण तसा एक तास मी काढला आहे. घरातल्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. दादा गेला त्या दिवशी सकाळी सव्वासहाला फोन आला. मी दूध तापत ठेवलं होतं. फोन ठेवला आणि खुर्चीवर बसले. दूध उतू गेलं, जळलं, घरभर धूर झाला, तेव्हा ह्यांनी येऊन गॅस बंद केला. मला ते दिसत होतं, वासही येत होता, उठायला हवं हेही कळत होतं. उठले नाही. रडूही आलं नाही. भेटायला आलेल्या बायका आपसात म्हणाल्या, हिला धक्का बसलाय, हिला रडवा. पुढे कितीतरी दिवस मी त्या सकाळसाठी शब्द शोधत होते. दुःख म्हणावं तर ते अजून यायचं होतं, ते नंतर सावकाश आलं. आश्चर्य म्हणावं तर ते किती हलकं. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस गेला यात आश्चर्य कसलं? काही वर्षांनी दानीएलाचा तो तास वाचला आणि बोट तिथेच ठेवून बसले. वीज शेजारून गेली होती. मी पालखीत होते.

मिल्टनने १६६७ च्या आपल्या महाकाव्यात हा शब्द असाच भारी वजनाने वापरला. देवाच्या वज्राने स्वर्गातून फेकलेले सैतानाचे साथीदार नऊ दिवस नऊ रात्री अग्नीच्या सरोवरावर निपचित पडलेत. त्यांच्यासाठी तो 'अ‍ॅस्टॉनिश्ड' म्हणतो. मिल्टन लॅटिनचा पंडित, त्याला त्यातली वीज नक्की ठाऊक होती.

आणि मग पुढच्या शंभर वर्षांत हा शब्द कुठे पोचला बघा. १७७३ साली लंडनमध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे रॉबर्ट क्लाइव्हची चौकशी चालू होती. १७५७ मध्ये प्लासीची लढाई जिंकून मीर जाफरला गादीवर बसवल्यावर क्लाइव्हने मुर्शिदाबादच्या खजिन्यातून स्वतःसाठी २,३४,००० पौंड घेतले होते, वर वर्षाला सुमारे २७,००० पौंडांची जहागीर. त्यावर प्रश्न विचारल्यावर त्याने उलट वर्णन केलं की खजिना माझ्या एकट्यासाठी उघडला होता, दोन्ही बाजूंना सोन्याचे आणि रत्नांचे ढीग होते, त्यांमधून मी चालत गेलो. आणि आता, अध्यक्षमहाराज, मी माझ्याच संयमाने अ‍ॅस्टॉनिश्ड होऊन उभा आहे! इतकंच कसं घेतलं, याचं नवल! मेकॉलेने १८४० मध्ये क्लाइव्हवरच्या निबंधात हे वाक्य घेतलं आणि ते जगभर झालं. आमच्या पिढीने इतिहासाच्या पुस्तकात क्लाइव्ह वाचला, पण हे वाक्य काही आम्हाला कुणी शिकवलं नाही.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा रागापेक्षा आधी 'उभा आहे' या शब्दांवर अडखळले. अ‍ॅस्टॉनिश्ड माणूस उभा राहतो? पिस्टल आडवा झाला. मिल्टनचे देवदूत निपचित पडले. मी खुर्चीवरून उठू शकले नाही. हा उभा राहून, छाती पुढे काढून, टाळीचं वाक्य म्हणतोय. शब्दातली वीज तोवर विझली होती आणि उरली होती ती नुसती ऐट. ज्या बंगालच्या पैशाविषयी हे बोलणं चाललं होतं तिथे तीनच वर्षांपूर्वी, १७७० मध्ये, भीषण दुष्काळ पडून गेला होता. वॉरन हेस्टिंग्जच्याच १७७२ च्या अंदाजाप्रमाणे निदान एकतृतीयांश लोक त्यात मेले. वीज पडली होती ती तिथे. शब्द मात्र लंडनमध्ये क्लाइव्हच्या तोंडी होता. पार्लमेंटने अखेर त्याने देशाची मोठी सेवा केली असं नमूद करून त्याला सोडून दिलं. दीड वर्षाने, १७७४ च्या नोव्हेंबरात, तो वारला, आणि त्याने आत्महत्या केली असं बहुतेक इतिहासकार मानतात.

शब्द असे झिजतात. वेबस्टरच्या १८२८ च्या कोशात अ‍ॅस्टॉनिशचा अर्थ अजून 'स्टन'पासूनच सुरू होतो, पण बोलण्यात तो केव्हाच गुळगुळीत झाला होता. आता स्टन तरी कुठे राहिलाय? एकोणिसाव्या शतकापासून 'स्टनिंग' म्हणजे देखणं. लग्नात साडी स्टनिंग असते आणि पोलिसांच्या हातातल्या ग्रेनेडच्या नावातही तोच शब्द असतो. आणि जुनी नाणी गुळगुळीत झाली की टांकसाळीला नवी पाडावी लागतात, तसं काहीसं होत असावं. 'फ्लॅबरगास्ट' हा मजेदार शब्द पहिल्यांदा छापील सापडतो तो १७७२ साली, क्लाइव्हच्या त्या वाक्याच्या आदल्याच वर्षी, आणि तोही फॅशनेबल लोकांच्या नव्या शब्दांविषयीच्या कुरकुरीत. तो कुठून आला हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

अमेझबद्दल एकच सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'मेझ' म्हणजे भुलभुलैया, तो याच शब्दातून निघाला. आधी गोंधळलेलं मन आणि मग गोंधळात टाकणाऱ्या वाटा. आपला 'दिङ्मूढ' तोच की! दिशाच कळेनाशा झालेला.

मी तेव्हा सगळ्यांपुढे 'आश्चर्यचकित' लिहिलं, त्यातला चकित तरी कुठे सरळ आहे? संस्कृतात चकित म्हणजे भ्यालेला, थरथरणारा. मेघदूतात यक्षाच्या पत्नीचे डोळे चकित हरिणीसारखे आहेत. तिथे हरिणीला आश्चर्य वाटलेलं नाही, ती भेदरली आहे. ती भीती कधी गळून पडली कोण जाणे, आता आपण जादूचे प्रयोग बघून चकित होतो. स्तंभित झालेला माणूस खांबासारखा ताठरतो, अवाक् झालेल्याची वाचा जाते. आपल्याकडेही मारच आहे सगळा.

एक 'विस्मय' मात्र निराळा निघाला. त्यातला धातू 'स्मि', म्हणजे स्मित करणे, हसणे. आणि लॅटिनमधून इंग्रजीत गेलेले मिरॅकल आणि अ‍ॅडमायर हे शब्दही बहुतेक अभ्यासक याच मुळाशी नेतात. हे कळलं त्या दिवशी मी ह्यांना मुद्दाम हाक मारून सांगितलं. ते म्हणाले, "बरं. चहा टाकतेस का?"

१९८१ ची आठवी, तुकडी ब, खिडकीशेजारचा बाक, उंच शिडशिडीत मुलगा. नाव मला आठवतंय पण इथे लिहीत नाही. त्या वर्गातलं कुणी हे वाचत असेल तर त्याला कळवा, बाईंना उत्तर सापडलंय म्हणावं. आणि त्या दिवशी "खाली बस" म्हटलं ते माझं चुकलं.